अळ्या खात होत्या तेव्हा

पोळ्याचं सामान चौकात मांडलेलं दिसलं आणि आपण कोथिंबीर घ्यायला निघालो होतो हे मी साफ विसरले. सिडकोतल्या आमच्या कोपऱ्यावर एक मावशी गोणपाट अंथरून बसल्या होत्या. समोर गोंडे, मोरक्या, घुंगरांचे पट्टे, शिंगांना लावायच्या रंगाच्या पुड्या. मी उकिडवी बसून एकेक गोंडा हातात घेऊन बघायला लागले. बऱ्याच वेळानं मावशींनी विचारलं, घरी बैल आहेत का. मी म्हटलं, नाहीत, दुसऱ्या मजल्यावर राहते. त्यांनी माझ्या हातातला गोंडा शांतपणे काढून घेतला आणि परत ओळीत ठेवला. मी घरी आले ती रिकाम्या हातानं.

दरवर्षी या दिवसांत माझं असं होतं. श्रावण सरायला लागतो, खिडकीतून ओल्या गवताचा वास येतो आणि माझ्या कानांत एक बारीक आवाज सुरू होतो. दूर कुणाच्या तरी घरात पापड तळले जात असावेत, तसा. तो चालू असतो तोवर बरं वाटतं. मग तो मध्येच थांबतो, आणि मी दचकते. इतकी वर्षं झाली, पण दचकणं काही कमी होत नाही.

माझं मन एका जागी बसत नाही, हे काही आजचं दुखणं नाही. लहानपणी आई मला दुधावर लक्ष ठेवायला सांगायची आणि दूध माझ्या डोळ्यांदेखत उतू जायचं. मी कुठे खेळायला गेलेली नसायचे, तिथंच उभी असायचे, दुधाकडेच बघत असायचे. पण सायीवर सुरकुत्या धरायला लागल्या की त्यात मला एखादी म्हातारी दिसायची, म्हातारीच्या मागं तिचं गाव दिसायचं, आणि तेवढ्यात शेगडी चर्र वाजायची. घरात माझं नाव भिंगरी पडलं. शाळेत बाईंनी तेच नाव वेगळ्या शब्दांत दिलं. पुढं पोटासाठी काम धरलं तेही असं, की त्यात भिंगरीचा निभाव लागणं कठीण. मी मुद्रितशोधन करते. शाळेच्या पुस्तकांची छापण्याआधीची पानं माझ्याकडं येतात आणि मी त्यांतल्या चुका काढते. या कामात अक्षर बघायचं असतं, मजकुरात शिरायचं नसतं. मी हमखास शिरते. भूगोलाच्या पानावर गोदावरी आली की मी पैठणच्या घाटावर पाय सोडून बसलेली असते.

त्यात हातात मोबाइल आला, म्हणजे आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं. उपाय सगळे करून झाले. मोबाइल कपाटात ठेवून कपाटाची किल्ली शेजारच्या काकूंकडं दिली, तर किल्ली मागायला म्हणून मी त्यांच्याकडं जायचे आणि चहा पिऊन, त्यांच्या सुनेची सगळी हकीकत ऐकून, किल्ली न घेताच परत यायचे. हे मी हसत सांगते, लोकही हसतात. पण एकटी असताना रडू येतं. चाळिशी उलटलेल्या बाईला स्वतःचं मन धरून ठेवता येत नाही, हे कुणाला कसं सांगायचं? पाय मोडला तर निदान प्लास्टर दिसतं.

पाय मोडला तो ताईचा, काही वर्षांपूर्वी. माझी मोठी बहीण फुलंब्रीच्या पुढच्या एका गावात दिलेली. घरात दाजी, म्हणजे तिचे यजमान, आणि तिचे सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणतात. गावात सगळीकडं कापूस, मका आणि आद्रक. ताईनं हट्ट करून एक एकरात तुती लावली होती, शेड उभी केली होती आणि रेशमाच्या अळ्या पाळायला सुरुवात केली होती. आधीची बॅच रोगानं गेली. तेव्हा आबांनी सांगून टाकलं, पोळ्याच्या बॅचला धड कोष आले नाहीत तर तुती उपटायची आणि आद्रक लावायची. आबा आवाज चढवत नसत. ते एकदा बोलत आणि मग ते तसंच होत असे. ताईला हे सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं. त्या घरात आल्यापासून तिनं स्वतःच्या मनानं केलेली ही पहिलीच गोष्ट होती.

आणि नेमक्या अळ्या शेवटच्या टप्प्यात शिरायच्या वेळी ती ओल्या बांधावरून घसरली. या टप्प्यात अळी जेवढं खाते तेवढं तिनं जन्मात खाल्लेलं नसतं. दिवसातून तीनदा शेडभर तुतीच्या फांद्या अंथराव्या लागतात, एकही वेळ चुकवून चालत नाही. दाजींच्या मागं बैलं, कापूस आणि तुती कापायचं काम. पोळ्याच्या आठवड्यात मजूर मिळणं शक्यच नव्हतं. ताईनं मला फोन केला. मी म्हटलं, ताई, तू मला ओळखतेस ना? 

"वळखते," ती म्हणाली. "तरी ये. दुसरं कोण हाय मला?"

हर्सूलच्या नाक्यावरून काळी-पिवळी जीप धरून मी दुपारी पोचले. शेडच्या दारात खुर्ची टाकून ताई बसली होती, प्लास्टरचा पाय पालथ्या घमेल्यावर. तिनं आधी माझा वास घेतला. तोंडाला पावडर लावलीस ना, धुऊन ये म्हणाली. अळ्यांना कसलाच वास चालत नाही. अत्तर नाही, उदबत्ती नाही, तंबाखू मळलेला हात नाही, डासांची अगरबत्ती तर बिलकुल नाही. चपला बाहेर, पाय औषधाच्या पाण्यात बुडवायचे आणि मग आत. मोबाइल तिनं मागितला नाही. मीच तिच्या मांडीवर ठेवला, आणि ठेवताना दागिना उतरवून दिल्यासारखं वाटलं.

आत गेले आणि पहिला धक्का बसला तो आवाजाचा. डावीकडं एक ओळ, उजवीकडं एक ओळ, प्रत्येकीला खालपासून वरपर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर पानांत दडलेल्या पांढुरक्या अळ्या, मोजदाद नाही इतक्या. सगळ्या खात होत्या. हजारो तोंडांचा कुरकुर आवाज एकत्र होऊन तो पापड तळल्याचा आवाज झाला होता. एवढासा जीव, पण त्याचं खाणं ऐकू येतं हे मला ठाऊकच नव्हतं. मी तोंड उघडं टाकून उभी राहिले. मागून ताई म्हणाली, ऐकायला बोलावलं नाय तुला.

काम सोपं होतं. पाल्याचा भारा उचलायचा, डाव्या ओळीच्या पहिल्या फळीपासून फांद्या अंथरत निघायचं, ओळ संपली की उजवी. पण ताईचा एक नियम होता आणि तो माझ्यासाठीच जन्माला आला होता. मध्ये थांबायचं नाही आणि मागं वळायचं नाही. सगळ्या अळ्यांना एका वेळी खायला मिळालं पाहिजे. काही भुकेल्या राहिल्या तर त्या मागं पडतात, मग कुणी पिकते, म्हणजे कोष विणायला तयार होते, कुणी खातच राहते आणि सगळा मेळ बिघडतो. मी मान डोलावली आणि दुसऱ्याच फळीवर थांबले. एक अळी पानाच्या कडेवर बसून वरून खाली, वरून खाली, डोकं हलवत पान कापत होती. शिंपीण कात्रीनं कापड कातरते तसं अगदी नेमकं. मी वाकून बघतेय तोच दारातून आवाज आला.

"पाय."

ताई रागवायची नाही. एवढाच एक शब्द. मी पाय उचलायचे, पुढच्या फळीवर पुन्हा काहीतरी दिसायचं, पुन्हा "पाय." पहिल्या दिवशी तिचा घसा बसला असावा. संध्याकाळी मी तिला म्हटलं, मला जमणार नाही, कुणीतरी दुसरं बघ. ती म्हणाली, जमलं नाही तरी तूच आहेस.

मग हळूहळू काहीतरी झालं. कधी झालं ते सांगता येणार नाही. फांदी उचल, पसर, पुढं. फांदी उचल, पसर, पुढं. हातांना लय सापडली. पाल्याचा गार, किंचित कडवट वास, पायाखालची दमट फरशी, कानात तो कुरकुरणारा आवाज, आणि डोक्यात काहीच नाही. एका दुपारी उजव्या ओळीच्या टोकाला पोचले आणि लक्षात आलं, ताईनं आज एकदाही टोकलं नाही. मी चक्क घाबरले. मधला वेळ गेला कुठं? आयुष्यभर माझ्या डोक्यात बाजार भरलेला, तो उठून गेला तर आपण कुठं उभ्या आहोत हेच कळेना. घाबरले खरी, पण त्या रात्री मला जी झोप लागली तशी कित्येक वर्षांत लागली नव्हती. जमतंय की, असं मी अंथरुणात स्वतःशीच म्हटलं.

या बाबतीत माझ्या नजरेसमोर दाजी होते. दाजींइतका एकचित्त माणूस मी पाहिलेला नाही. त्यांच्याकडं साधा बटणांचा फोन, तोही कोनाड्यात पडलेला. ते काम करत असले की बांधावरून हाका मारून माणूस थकतो, दाजींना ऐकू येत नाही. एकदा दारावरून नवरदेवाची वरात वाजत गेली आणि ओसरीवर बसून दावं वळणाऱ्या या माणसानं मान वर केली नाही, मागाहून ताईला विचारलं, आज कुणाचं लगीन हाय म्हणे? ही गोष्ट त्या घरात कौतुकानं सांगतात. मी तर त्यांचा हेवाच करायचे. पोळ्याच्या आधी दोन्ही बैलांना, चांद्याला आणि भोऱ्याला, ते धुवायचे तेव्हा मी उंबऱ्यावर बसून बघत राहायचे. कानामागं, पोटाखाली, शेपटीच्या मुळाशी, कातडीच्या एकेका घडीत त्यांची बोटं फिरायची. बैल डोळे मिटून घ्यायचे. त्या वेळी जगात ते दोन बैल आणि हा माणूस, बाकी काही नव्हतं. मला वाटायचं, एकाग्रता एकाग्रता म्हणतात ती हीच असणार.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढलेल्या खांद्यांना संध्याकाळी हळद आणि तूप चोळतात, उद्या जेवायला या म्हणून बैलांना आवतण देतात. सकाळपासूनच घरात त्याची लगबग होती. दुपारचा पाला दाजींनी आणून शेडच्या दारात टाकला आणि ते लगेच गोठ्याकडं गेले. मी पाय बुडवले, भारा उचलला, डाव्या ओळीपासून निघाले. फांदी उचल, पसर, पुढं. त्या दिवशी तर इतकं छान जमत होतं की मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं. डावी ओळ संपली. मी दारापाशी येऊन राहिलेल्या पाल्याची कवळ उचलली आणि उजव्या ओळीकडं वळले.

आणि थांबले.

का थांबले, याचं उत्तर मी अजून शोधतेय. काही दिसलं नव्हतं. ताईनं सवयीनं "पाय" म्हटलं. मी हलले नाही. ताईनं पुन्हा म्हटलं, जरा जोरात.

"ताई, आवाज," मी म्हणाले.

"कसला आवाज?"

"येत नाहीये."

नवीन पाला पडला की आवाज वाढतो. माझ्या पाठीमागं, डाव्या ओळीत, काहीही वाजत नव्हतं. मी मागं वळले. पहिल्या फळीवरच्या अळ्यांनी खाणं सोडलं होतं. सगळ्यांनी डोकी वर उचलली होती आणि त्या ती डोकी गोल गोल हलवत होत्या, वरून कुणीतरी हाक मारल्यासारख्या. मला क्षणभर ते सुंदर वाटलं, हे मी लपवणार नाही. मग एकीच्या तोंडातून हिरवं पाणी आलं. मग तिच्या शेजारचीच्या. बघता बघता त्या पिळवटायला लागल्या, आखडल्या, अर्ध्या झाल्या. दुसरी फळी, तिसरी फळी, जिकडं बघावं तिकडं तेच. मी हातातला पाला छातीशी धरून नुसती उभी होते. 

ताईला माझ्या तोंडावरून कळलं असावं. खुर्ची पडल्याचा आवाज झाला आणि ती एका पायावर उड्या मारत, फळ्या धरत आत आली. तिनं डाव्या ओळीकडं एकदा बघितलं, माझ्या हातातल्या फांद्या हिसकल्या, नाकाशी धरल्या आणि बाहेर फेकून दिल्या.

"उजवीकडं घातला का हा पाला?"

नाही म्हटलं. तिनं डोळे मिटले, उघडले, आणि दाजींना हाक मारली. दाजी आले ते तसेच, संध्याकाळसाठी हळद कालवून पिवळे झालेले हात घेऊन. आत येऊ नका, असं म्हणून तिनं त्यांना दारातच थांबवलं.

"पाला कापायच्या आधी काय करू राहिले व्हते तुम्ही?"

"बैलं धुतली."

"आन् मंग?"

दाजी बोलणार होते, पण त्यांची नजर आपल्याच सदऱ्यावर गेली. छातीपासून कंबरेपर्यंत सदरा ओला होऊन वाळला होता. याच छातीला कवळून त्यांनी पाल्याचा भारा आणला होता.

"गोचिडाचं औषध मारलं," ते म्हणाले. "बैलांला. सणाचं..."

 बैलाच्या अंगावरची गोचीड मारायचं औषध. बैलाला त्याचं काही होत नाही, माणसालाही चटकन काही होत नाही, पण गोचीड काय आणि अळी काय, औषधाला दोन्ही सारखीच. दाजींना हे ठाऊक नव्हतं असं नाही. ताईनं घरातून डासांच्या उदबत्त्या काढून टाकल्या तेव्हा शेवटची पुडी त्यांनीच उकिरड्यावर नेऊन पुरली होती. पण त्या दुपारी ते बैलांत होते. बैलांतून उठले आणि तुतीत गेले, आणि बैल अंगावरच राहिले. एवढंच झालं.

तो उरलेला दिवस मला सलग आठवत नाही, तुकडे आठवतात. डाव्या ओळीतला पाला ओढून काढणारे माझे हात, त्याला चिकटून येणाऱ्या मऊ, थंड अळ्या. हलणाऱ्या तेवढ्या वेचून मी नव्या पाल्यावर ठेवत होते आणि त्या तिथं जाऊन मरत होत्या. ताई जमिनीवर बसून, प्लास्टरचा पाय पसरून, खालच्या फळ्या रिकाम्या करत होती. मला राहून राहून वाटत होतं की हे खरं नाही, मी पुन्हा कुठंतरी भरकटलेय, कुणीतरी "पाय" म्हणेल आणि मी जागी होईन. संध्याकाळी आबा आले. रिकाम्या ओळीसमोर उभे राहिले, मग भरलेल्या ओळीसमोर उभे राहिले आणि निघून गेले. दाजींनी तुतीच्या टोकाला खड्डा खणला. अंधार पडायच्या आत सगळं बुजवून झालं. त्यानंतर त्यांनी हातपाय धुतले, सदरा बदलला आणि बैलांना उद्याचं आवतण दिलं. सण थोडाच थांबतो.

पोळ्याच्या दिवशी पुरणाच्या पोळ्या ताटांत तशाच राहिल्या. चांद्या आणि भोऱ्या सजून वेशीपर्यंत जाऊन आले, ओवाळून झालं, दाजींचा चेहरा दगडाचा. मला सगळ्यांत जास्त हादरवलं होतं ते त्यांच्याच चुकीनं. माझ्यासारखीच्या हातून हे झालं असतं तर कुणी भुवईही उचलली नसती. मीच ते आधी मान्य केलं असतं. पण आयुष्यभर मी ज्याच्याकडं बोट दाखवून, असं मन पाहिजे, म्हटलं होतं, त्याच मनानं हे केलं होतं. आणि तेही ढिलं पडून नव्हे, पुरतं एका ठिकाणी लागून.

संध्याकाळी शेडबाहेर भेटले तेव्हा दाजी म्हणाले, "तुम्ही थांबल्या म्हणून उजवी वाचली."

ते मनापासून म्हणाले होते. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या भिंगरीचा जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग झाला होता. पण मला आतून गार पडल्यासारखं झालं, कारण मला माझं गुपित ठाऊक होतं. मी सुधारत होते. आणखी दोन दिवस ती लय तशीच लागली असती तर पाठीमागचा आवाज बंद झालेला मला कळलाही नसता. मी फांदी उचलली असती, पसरली असती, पुढं गेले असते, ओळीच्या टोकाला पोचून स्वतःचं कौतुक केलं असतं. माझा कान त्या दिवशी कामावरून उडाला म्हणून थांबले, की कामातच इतका होता म्हणून थांबले? तेव्हा ठरवता आलं नाही. आताही येत नाही. लोक मला विचारतात तेव्हा मी दोन्हीपैकी जे सोयीचं असेल ते सांगते.

उजव्या ओळीनं मात्र खाणं सोडलं नाही. पुढचे दिवस त्या तेवढ्याच अळ्या तेवढ्याच भुकेनं खात राहिल्या, समोरच्या फळ्या मोकळ्या होत्या याचा त्यांना पत्ताही नव्हता. दाजी पाला कापायला जाण्याआधी अंघोळ करायचे आणि धुतलेले कपडे घालून ताईच्या खुर्चीसमोर येऊन उभे राहायचे. ताई वास घ्यायची आणि मान हलवायची. त्यांच्यात त्या विषयावर दुसरं काही बोलणं झालेलं मी ऐकलं नाही. मग एका सकाळी आवाज आपोआपच कमी झाला. मी घाबरून ताईकडं वळले, पण ती हसली. अळ्या पिकल्या होत्या. अंग पिवळसर, पारदर्शक झालेलं, खाण्यावरची वासना उडालेली. आम्ही त्यांच्यावर चंद्रिका पसरल्या. चंद्रिका म्हणजे कोष विणायला दिलेली घड्याघड्यांची जाळी. एकेक अळी त्यात चढली, आपला कोपरा धरला आणि कामाला लागली.

ते मी बघितलं नसतं तर बरं झालं असतं. अळी तोंडातून एक धागा काढते आणि डोकं इकडून तिकडे नेत तो स्वतःभोवती गुंडाळत जाते. आधी ती दिसते, मग धुक्यात असल्यासारखी दिसते, मग नुसती हालचाल दिसते, मग तीही दिसत नाही. दोन-तीन दिवस ती हे करते, खात नाही, थांबत नाही, आणि धागा अखंड राहतो. मी तासन्‌तास समोर बसून राहायचे. मोबाइल ताईकडून परत घेतला होता, पण तो कुठं ठेवलाय ते आठवायचं नाही. मनात म्हणायचे, बाई, तुझ्यातला चिमूटभर गुण मला दे.

कोष काढायच्या दिवशी सकाळी आबा शेडमध्ये आले. त्यांनी एक कोष उचलला, अंगठ्यानं दाबून बघितला, टणक लागला. दुसरा उचलला. मग ताईला म्हणाले, उद्या सकाळच्या गाडीनं माल जालन्याच्या कोषबाजारात गेला पाहिजे, डागी कोष एकही दिसायला नको, मग तुती राहू दे. ताईनं पदर खोचला. दिवस मावळायच्या आत सगळे कोष जाळीतून काढून, वरचा भुरा, म्हणजे कापसासारखे सैल धागे, साफ करून, डागी वेगळे करून पोत्यांत भरायचे होते. ताई, दाजी आणि मी, आम्ही तिघं बसलो.

ताईनं पहिला कोष माझ्या कानाशी नेऊन हलवला. आत काहीतरी हलकंसं खुळखुळलं. असा वाजला की चांगला, ती म्हणाली. आत अळी आता अळी राहिलेली नसते, पंख फुटायच्या बेतात आखडून झोपलेली असते. मी सहज विचारलं, मग ही बाहेर कधी येणार?

"बाहेर कशाची येती," ताई म्हणाली. "तिकडं गेल्यावर शिजवतेत."

मला कळलंच नाही. मी पुन्हा विचारलं. तिनं जाळीतून पुढचा कोष काढत सांगितलं की उकळत्या पाण्यात टाकतात, मग धागा मोकळा होतो. ती बाहेर पडू दिली तर भोक पाडूनच पडणार, धागा तुटणार, मग त्याचा काय उपयोग. तिच्या आवाजात काही निर्दय नव्हतं. भात कसा करतात हे सांगावं तसं ती सांगत होती. मी हातातल्या कोषाकडं बघत राहिले. पोथीपुराण ऐकावं तसं मी त्या अळ्यांसमोर बसले होते, त्यांच्याकडं गुण मागितला होता. आणि त्या एकचित्तानं, अखंड, एकदाही मान न उचलता, जे विणत होत्या ते हे होतं. जन्मभर रेशमी काठ मिरवणाऱ्या मला हे कधीच सुचलं नव्हतं.  उठून बाहेर जावंसं वाटलं. ताईनं एकदा माझ्याकडं आणि एकदा उरलेल्या जाळ्यांकडं बघितलं. 

मी तो कोष पोत्यात टाकला.

मग दुसरा काढला. भुरा साफ केला, हलवून बघितला, वाजला, टाकला. मग तिसरा. थोड्या वेळानं हातांना लय सापडली. उन्हं शेडच्या जाळीतून आत आली आणि निघून गेली, दाजींनी एक पोतं शिवलं, दुसरं पुढं सरकवलं. एकही डागी कोष माझ्या हातून चुकून गेला नाही, हे नंतर आबांनी स्वतः तपासून सांगितलं. प्रत्येक कोष मी कानाशी धरला होता. प्रत्येकात कोण आहे, त्याचं उद्या काय होणार, मला सगळं माहीत होतं. दिवस मावळेपर्यंत माझं लक्ष एकदाही विचलित झालं नाही.